पहिल्या थेंबाचा मान

माझ्याबद्दल बडोद्यात कुणालाही विचारा, बाई तोंडाची फटकळ म्हणून सांगतील. खरंच आहे ते. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लोकांच्या पोरांना टोचण्यात गेली. गोड बोलत बसले असते तर निम्मी पोरं तशीच राहिली असती. पण सुभानरावांसमोर माझी जीभ जरा आवरूनच असायची. ते वयाने मोठे होते म्हणून नव्हे. माझ्या कामात मला त्यांच्याएवढा उपयोगी पडलेला दुसरा माणूस नाही, आणि त्यांच्याएवढं नुकसान मी दुसऱ्या कुणाचं केलेलं नाही.

मांडवीच्या मागे त्यांचा फळिया, म्हणजे आळी. पंचवीस-तीस घरं, निम्मी मराठ्यांची, निम्मी गुजराती. मराठ्यांचे आजे-पणजे संस्थानच्या फौजेत होते. आता नातू रिक्षा चालवतात, मकरपुऱ्याला कारखान्यात जातात, कुणी दुकानात कापड फाडतो. फौज गेली, घोडे गेले, पण मान काही सुटला नाही. होळीत पहिला नारळ कुणाचा, दसऱ्याला पहिलं सोनं कुणाच्या दारी द्यायचं, गणपतीची पहिली आरती कुणाच्या हातची, सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. नाक्यावर पिठाची नवी गिरणी निघाली तर पहिलं दळण कुणाचं यावर दोन दिवस वाद चालला, अन्‌ तोवर गिरणीवाला बिचारा गल्ल्यावर बसून माश्या मारत होता. मी नदीपलीकडच्या अकोट्याची. आमच्याकडे सगळे कारकून आणि मास्तर, त्यामुळे पुढे व्हायची वेळ आली की सगळे एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणणार. मला या लोकांचं हसू यायचं.

सुभानराव बत्तीस वर्षं अग्निशमन दलात होते. सगळा फळिया त्यांना आबा म्हणायचा, मीही. डाव्या कानापासून मानेपर्यंत कातडी भाजून आवळलेली. कापडाच्या एका गोदामाला आग लागली होती तेव्हा आत अडकलेल्या रखवालदाराला ते पाठीवर घालून बाहेर घेऊन आले, त्याची ती खूण. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, “त्यात काय, बाई? कुणीतरी आधी आत शिरायला लागतं. एक शिरला की बाकीचे येतातच.” बढाई नाही, काही नाही. भाजी आणायला गेलो होतो म्हणावं तसं सांगायचे.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात पहिल्यांदा पल्स पोलिओचा दिवस आला. मी फळियातल्या देवळासमोर टेबल टाकून, बर्फाचा डबा घेऊन आठ वाजल्यापासून बसले. अकरा वाजले तरी एक पोर नाही. कुणीतरी उठवलं होतं की हे थेंब पाजले की पुढे मुलं होत नाहीत. बायका ओट्यावरून बघायच्या, मी हाक मारली की आत. माझं डोकं असं तापलं होतं म्हणता! एवढ्यात सुभानराव आले, कडेवर दीड वर्षाची नात स्नेहल.

“काय पाजताय, बाई?”

“पोलिओचे थेंब. तुम्हालाही सांगितलं असेलच काहीबाही.”

त्यांनी तळहात पुढे केला. “आधी इथे टाका.” मी दोन थेंब टाकले, ते त्यांनी चाटले, तोंड वाकडं केलं आणि स्नेहलचे गाल दाबून तिचं तोंड उघडलं. मग चारी बाजूंच्या ओट्यांकडे बघून ओरडले, “झालं! आता काय मुहूर्त काढताय?” तासाभरात एक्केचाळीस पोरं झाली.

त्या दिवसापासून ठरूनच गेलं. पहिल्या थेंबाचा मान सुभानरावांच्या घरचा. पुढच्या फेऱ्यांना ते येईपर्यंत लोक पोरं काखोटीला मारून शांतपणे उभे राहायचे. ते आले, नातीला पाजलं, की रांग सुरू. पुढे नातू झाला, अनुज, तर त्यालाही तसंच पाजलं. बाकीच्या नर्सा दारोदार घसा फोडायच्या आणि मी बाराच्या आत डबा रिकामा करून घरी. मला काय, बरंच होतं की!

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात अनुज आजारी पडला. पावणेदोन वर्षांचं पोर. अंगावर काळेनिळे डाग, ताप उतरेना. अहमदाबादला नेलं, रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधं सुरू झाली, केस गळाले. घरच्यांनी फळियात सांगितलं की रक्त कमी आहे, आणि नवस होता म्हणून बाबरी उतरवली. बाबरी म्हणजे गुजरातीत जावळ. हा हट्ट सुनेचा, रूपालीचा. “लोक दारातून वाकून बघतील, पोराच्या तोंडावर बिचारा बिचारा करतील. मला नाही चालणार,” ती म्हणाली, आणि सुभानरावांनी तिला शब्द दिला. तिचं तरी काय चुकलं? माझं पोर असतं तर मीही तेच केलं असतं.

डिसेंबरच्या फेरीच्या आधी एका दुपारी सुभानराव दवाखान्यात आले आणि डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे ठेवला. अनुजला पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत. घरातल्या मुलीलाही नाहीत.

“ह्यात असतं तरी काय, बाई?”

“पोलिओचाच जंतू, जिवंत. पण दुबळा केलेला. अंगात ताकद असली की पोर त्याच्याशी झुंजून तयार होतं.”

“आणि ताकद नसली तर?”

“तर तो दुबळाही पोराला भारी पडू शकतो.” लपवण्यात अर्थ नव्हता. “धडधाकट पोरांत लाखो डोसांत एखाद्याला होतं. अनुजसारख्यांत जास्त. किती, ते मला माहीत नाही.”

“फळियातली पोरं घेतील, त्यांचं काय? ती ह्याच्याच अंगावर लोळतात.”

“त्यांच्या शीतून काही आठवडे तो जंतू बाहेर पडतो. तेवढे दिवस अनुजला घरात ठेवा. हात धुवा.”

“मग यंदा फळियात नकोच म्हणतो. मी सांगितलं तर ऐकतील.”

आणि ऐकलंही असतं लोकांनी! मी म्हटलं, “आबा, तुमच्या एका शब्दावर पन्नास पोरं कोरडी राहतील. आणि खरा पोलिओ फळियात शिरला तर आधी कुणाला धरेल? ज्याच्या अंगात काही उरलेलं नाही त्यालाच ना?”

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाले, “म्हणजे लोकांनी घेतलं तरी भीती, नाही घेतलं तरी भीती.”

“घेतलं तर थोडी. नाही घेतलं तर फार.”

“आणि ती थोडी आमच्या एकट्याच्या घराला.”

“हो, आबा.”

“ठीक आहे, ती सोसू,” ते म्हणाले. “पण मान आमचा आहे. मी काय तिथे उभा राहून सांगू, की आमची पोरं घेणार नाहीत, तुमची तेवढी पाजा?”

मी म्हटलं, खरं काय ते सांगून टाका. त्यावर ते म्हणाले की रूपालीला शब्द दिलाय. आणि समजा मोडला, तरी लोकांच्या कानात काय उरणार? सुभानरावाच्या नातवाला डॉक्टरने थेंब मना केले, एवढंच. त्यांचं खोटं नव्हतं. या लोकांना मी ओळखत होते.

सरबताची अक्कल माझी, त्यांची नाही, हे मी आज कबूल करते. पोलिओचं औषध गुलाबीसर असतं. मी एक रिकामी बाटली उकळून घेतली, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि रंग यावा म्हणून गुलाबाच्या सरबताचे चार थेंब टाकले. सुभानराव तयार नव्हते. “लोकांना फसवायचं?” म्हणाले. मी म्हटलं, “पन्नास पोरांचं भलं होतंय, तुमचीही वाचतायत, यात कुणाचं काय जातंय?” मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

डिसेंबर सुरळीत गेला. स्नेहल चार वर्षांची, तिला तोंड कडू करायला शिकवलं होतं. अनुजला लोकरीची टोपी घालून मिनिटभर आणला आणि लगेच आत नेला. त्रेपन्न पोरं झाली, मी खूश.

जानेवारीच्या रविवारी सुभानरावांच्या मागे वसंत उभा होता. वसंत रिक्षावाला, त्याच फळियातला, आबांना लहानपणापासून बघत आलेला. त्याच्या हातात दहा महिन्यांचा उत्कर्ष. बायको बाळंतपणाला गावी गेली ती पोर आठ महिन्यांचं झाल्यावर परतली, म्हणून आधीचे सगळे डोस चुकलेले. पोराला मिळाला होता तो डिसेंबरचा एकच. मी स्नेहलला पाजलं, तिने झकास तोंड वाकडं केलं. मग अनुजला पाजलं. त्याने ओठ चाटले आणि म्हणाला, “अजून सरबत.”

वसंत आधी हसला. “वाह रे, आमच्याला तर कडू लागतं!” अनुजने बाटलीला हात घातला, ती कलंडली आणि सगळं वसंतच्या मनगटावर सांडलं. त्याने वास घेतला. मग बर्फातली दुसरी बाटली उचलून नाकाला लावली. तिला कसला आलाय गुलाबाचा वास!

“आ शुं छे, मोहनाबेन?” मराठीत बोलणारा माणूस, रागाने गुजरातीवर गेला. मग सुभानरावांकडे वळला. “आबा, तुमच्या पोरांना सरबत, आणि आमच्यांना हे?”

सगळी रांग पुढे सरकली. सुभानराव माझ्याकडे बघत होते. त्यांनी वसंतच्या हातातून ती खरी बाटली घेतली, अनुजला कडेवर घट्ट धरला आणि अंगठ्याने त्याची हनुवटी वर केली. अनुजने आनंदाने आ केला. त्याला वाटलं, मिळालं सरबत. दारातून रूपाली किंचाळली, “आबा!” एकदाच.

बाटली पोराच्या तोंडावर तिरपी झाली होती. हात तिथेच थांबला. त्यांनी ती सरळ केली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “नाही होत माझ्याच्याने.”

मेला तो क्षण! आगीत शिरणाऱ्या माणसाचा हात थांबला, हे पन्नास माणसांनी बघितलं. मग त्यांनी खरं सांगितलं, की पोराला रक्ताचा कॅन्सर आहे. एक बाई म्हणाली, “अगोबाई, कालपर्यंत तर नवसाची बाबरी होती!” मी घाईघाईने डॉक्टरांचा कागद दाखवला. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने तो मोठ्याने वाचून अर्थ सांगितला की पोलिओचे थेंब देऊ नयेत. झालं! तेवढंच सगळ्यांना ऐकू आलं. दहा मिनिटांत फळिया रिकामा. वसंतने उत्कर्षचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं, जणू मी मागून येऊन जबरदस्तीने पाजणार होते.

वरच्या ऑफिसला मी लिहून दिलं की लोक सहकार्य करत नाहीत. सरबताचं लिहिलं नाही. नोकरीची भीती होती, सरळ सांगते.

त्यानंतर सहा महिने सुभानराव रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन बसायचे. पोरांना दवाखान्यात घेऊन जा, माझी वेगळी अडचण होती, माझ्याकडे बघू नका, म्हणून सांगायचे. लोक चहा द्यायचे. “हो आबा, बघू आबा,” म्हणायचे. कुणी अपमान केला नाही, कुणी आलंही नाही. वसंत तर दारच उघडायचा नाही. मीही जाऊन आरडाओरडा केला, तेव्हा कुठे दोन घरं वळली. रूपाली सासऱ्यांशी जेवायला वाढण्यापुरतं बोलायची. एकदा मला म्हणाली, “हात थांबला म्हणून एवढं तरी बोलते. नसता थांबला तर मी ह्या घरात राहिले नसते.” आणि हे ते आत बसून ऐकत होते.

ऑगस्टात एका दुपारी वसंत रिक्षातून उत्कर्षला घेऊन माझ्याकडे आला. दीड वर्षाचं पोर, नुकतं धावायला लागलेलं. चार दिवस ताप होता, आता उतरला म्हणे, पण उभं राहत नाही. मी त्याचा उजवा पाय उचलला आणि सोडला. पाय चादरीवर पडला तो तसाच राहिला. वसंत माझ्या तोंडाकडे बघत होता. तपासणीचा कागद यायला महिना लागला, पण मला तेव्हाच कळलं होतं.

सुभानराव त्याच दिवशी वसंतच्या दारात जाऊन उभे राहिले. आत या कुणी म्हणालं नाही, जा पण कुणी म्हणालं नाही. तासाने वसंतच्या बायकोने खुर्ची आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोज सकाळी वसंतच्या रिक्षात मागे उत्कर्षला मांडीवर घेऊन पायाच्या व्यायामाला न्यायला लागले. पुढे बसलेला वसंत त्यांच्याशी एक अक्षर बोलायचा नाही. तोवर अनुजच्या डोक्यावर नवे केस आले, दाट, काळेभोर. मग फळियातल्या बायकांना आठवलं की बाबरीचे केस यायला वर्ष लागत नाही. पोरगा खरंच आजारी होता, म्हणाल्या. तेव्हा म्हणून काय उपयोग?

दोन हजार सालच्या जानेवारीत मी पुन्हा देवळासमोर टेबल टाकलं. आधीच्या हिवाळी फेऱ्यांना सात-आठ पोरांवर गेलं नव्हतं. दहा वाजले, कुणी नाही. सगळे आपापल्या ओट्यावर. सुभानराव देवळाच्या पायरीवर लांब बसलेले. त्यांना पुढे यायला तोंडच राहिलं नव्हतं. तेवढ्यात वसंत आला. हातात दोन महिन्यांची मुलगी. मागे बायको, तिच्या कडेवर उत्कर्ष, एक पाय लुळा लोंबणारा.

“मोहनाबेन, तुम्ही एकदा खोटं वागलात. आज खरं सांगा. त्या रविवारी ह्याला थेंब मिळाले असते, तर पाय वाचला असता?”

खरं उत्तर होतं की सांगता येत नाही. वाचलाही असता, नसताही. एका डोसाने पोर पक्कं होत नाही. पाच-पाच डोस घेऊन पाय गेलेली दोन पोरं मी स्वतः बघितली होती. नर्सने तेच सांगायला हवं होतं. पायरीवर सुभानरावांनी मान वर केली होती. तेही माझ्या तोंडाकडे बघत होते, वसंतहून जास्त. सांगता येत नाही, एवढे शब्द मी उच्चारले असते तर त्या माणसाच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला असता. पण वसंत काय करणार होता? नक्की नाही म्हणता ना, मग राहू द्या, म्हणून पोरीला घेऊन परत फिरला असता. आणि त्याच्यामागे सगळे ओटे.

“वाचला असता,” मी म्हणाले.

बायकोने पदर तोंडावर घेतला. वसंतने डोळे मिटले. मग दोन बोटांनी मुलीचे गाल दाबून तिचं तोंड उघडलं. मी दोन थेंब टाकले. नंतर ओट्यांवरून एकेक जण उतरायला लागला. दुपारपर्यंत अठ्ठावन्न पोरं झाली.

मी डबा आवरत होते तेव्हा सुभानराव टेबलाशी आले. “खरं बोललात ते बरं केलंत, बाई,” म्हणाले आणि वसंतच्या घराकडे गेले.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. उत्कर्षच्या पायाचा व्यायाम त्यांनी एक दिवस चुकवला नाही. त्याच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून बालवाडीत सोडायलाही तेच जायचे. अनुज पूर्ण बरा झाला, शाळेत जायला लागला. पण त्याला उचलून घेताना मी त्यांना कधी बघितलं नाही. त्यांना खरं सांगावं असं मला किती वेळा वाटलं! दोनदा तर फळियाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. सांगितलं असतं तर तो माणूस सरळ उठून वसंतकडे गेला असता. दुसरं खोटं त्यांच्या पोटात राहिलं नसतं. आणि ही बाई पुन्हा खोटं बोलली, हे फळियाला कळलं असतं तर तिथलं एक दार तरी माझ्यासाठी उघडलं असतं का?

शेवटी ते दवाखान्यात होते तेव्हा मी भेटायला गेले. बोलणं क्षीण झालं होतं. माझा हात धरून म्हणाले, “माझ्यामुळे त्या पोराचा पाय गेला, बाई. नाहीतर वाचला असता. तुम्हीच सांगितलंत.”

मी म्हटलं, “पडून राहा, आबा,” आणि चादर वर ओढून दिली.